चाळीच्या भिंतीवरचा कोळी

गौरी-गणपती आले, दसरा-दिवाळी आली की आपल्या हातात सगळ्यात आधी येतो तो लांब काठीला बांधलेला झाडू. आढं, वासे, कोनाडे, तसबिरींच्या मागची जागा, सगळीकडची जळमटं काढायची. डोक्याला फडकं बांधून, मान वर करून, डोळ्यांत कचरा घेत हे काम कुणी करायचं ते काही सांगायला नको. म्हणून कोळ्याबद्दल बोलायचा पहिला हक्क आपलाच आहे असं आम्हाला वाटतं. आज त्याच्याबद्दलच बोलू. पण गोष्ट सांगणार आहोत ती मुंबईची, गिरगाव, परळ, लालबागची.

मुंबईची का? एक तर ती आपल्याला परकी नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतले आजोबा, सासरे, दीर तिथल्या गिरण्यांत खपले. बाप्ये तिकडे खोलीवर आणि बाया इकडे शेतावर, असे दोन संसार चालायचे. आणि दुसरं म्हणजे घराच्या भिंतीवर कोण फिरतं, कोण कोणाला खातं आणि त्यातलं माणसाला काय बाधतं, हे बघायची वेळ मुंबईवर सव्वाशे वर्षांपूर्वी आली. हौसेनं नाही, मरणाच्या भीतीनं.

आधी शब्दाची एक गंमत. समुद्रात जाळं टाकणारा तो कोळी आणि भिंतीवर जाळं विणणारा तोही कोळीच. मुंबईच्या बेटांवर जुनी वस्ती कोळीवाड्यांची, म्हणजे त्या शहरात जाळं टाकणारे सगळ्यांच्या आधी होते. घरातल्या कोळ्याला काही भागांत कातीण असंही म्हणतात. कातते ती कातीण. या शब्दात बाई आहे, आणि ते खरंही आहे. आपल्याला घरात जाळ्यात ठाण मांडून बसलेली दिसते ती बहुतेक वेळा मादीच. नर अंगानं बारीक असतो आणि मोठा झाला की मादीच्या शोधात हिंडत राहतो.

आता १८८३ सालात जाऊ. त्या वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी नावाची संस्था काढली. पशुपक्षी, किडे, झाडं यांचा अभ्यास करायचा, नमुने गोळा करायचे, एकमेकांना दाखवायचे, एवढाच हेतू. ती संस्था आजही फोर्टात चालू आहे. आठांतले सहा इंग्रज होते आणि दोघं आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला. गिरगावात त्या समाजाचं मंदिर आहे आणि त्या चौकाला लोक आजही प्रार्थना समाज म्हणूनच ओळखतात. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे नाव ऐकलं नसेल, पण त्यांची सावत्र मुलगी आपल्याला माहीत आहे. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभी राहिलेली आणि पुढे डॉक्टर झालेली रखमाबाई.

इंग्रजांपैकी एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. नाव इंग्रजी असलं तरी जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. नोकरी मीठ आणि जकात खात्यात. त्यानं त्याच वर्षी, म्हणजे १८८३ मध्ये, एक पुस्तक लिहिलं. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे त्याचं नाव. वाघ-सिंहांच्या शिकारीची पुस्तकं तेव्हा ढीगभर निघत होती. या माणसानं लिहिलं ते आपल्या बंगल्यात आणि अंगणात राहणाऱ्या जीवांवर: उंदीर, डास, पाली, मुंग्या, वटवाघळं, वाळवी. त्यात कोळ्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. घरातला कोळी म्हणजे निव्वळ घाण नव्हे, त्यालाही त्याचा उद्योग आहे, त्याच्याकडे खुर्ची टाकून बघत बसण्यासारखं काही आहे, हे त्यानं हसत-खेळत लिहिलं. आमचं एवढंच म्हणणं की खुर्ची टाकून बसायला साहेबाला वेळ होता. त्या बंगल्यातली जळमटं कोण काढत होतं, आणि तिनं काय काय पाहिलं असेल, ते कुठल्या पुस्तकात उतरलं नाही. पण माणूस बारीक नजरेचा होता. पुढे हिवतापाच्या शोधातही तो पडला आणि डासाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी त्याचं नाव दिलं.

बंगल्यातून चाळीत येऊ. गिरण्या वाढल्या तशा परळ, लालबाग, नायगाव, डिलाइल रोड भागात चाळी उठल्या. सरकारनं १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एका खोलीचं माप १६० चौरस फूट. त्यात एक बिऱ्हाड, नाहीतर दिवसपाळी-रातपाळीची माणसं आळीपाळीनं पाठ टेकणार. एखादी बाई त्याच खोलीत चूल मांडून वीस-पंचवीस गिरणी कामगारांची खानावळ चालवणार. अशाच खानावळवाल्या बायांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जिथे एवढं अन्न शिजतं, भांडी घासली जातात, पाणी सांडतं, तिथे झुरळं, माशा, डास, चिलटं येणारच. आणि ती आली की त्यांना खाणारे मागोमाग येतात.

खोलीत राहणारे कोळी मुख्यतः तीन प्रकारचे. तुमच्या घरातही तेच असतील, बघा आठवून.

पहिला लांब, काटकुळ्या पायांचा. कोपऱ्यात विस्कटलेलं, सैल जाळं करून उलटा लटकतो. हात लावला की गरागरा हलतो, इतका की नीट दिसेनासा होतो. घरातली बरीचशी जळमटं याचीच. हा डास, चिलटं आणि वेळेला दुसरे कोळीसुद्धा खातो. डेंगी पसरवणारा डास तो चांगला खातो हे थायलंडमध्ये अभ्यास करून पाहिलेलं आहे. दुसरा मोठा, चपटा, तपकिरी, हाताच्या पंजाएवढा पाय पसरणारा. हा जाळं करतच नाही. दिवसा दाराच्या किंवा कपाटाच्या मागे चिकटून बसतो आणि रात्री झुरळांच्या मागे धावतो. पोटाखाली पांढरी, रुपयाएवढी चपटी गोळी घेऊन जाणारा कोळी पाहून पुष्कळजणी किंचाळतात. ती मादी असते आणि ती गोळी म्हणजे तिची अंडी. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती ओझं खाली ठेवत नाही.

तिसरा आमच्या आवडीचा. नखाएवढा, केसाळ, भिंतीवर टुणकन उड्या मारणारा. याचंही शिकारीचं जाळं नाही. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोठे. आपण बोट पुढे केलं तर तो वळून आपल्याकडे बघतो. माशी बसलेली दिसली की मांजरासारखा दबकत जातो आणि झेप घेतो. झेप घेण्याआधी धागा भिंतीला चिकटवतो, म्हणजे पाय चुकला तरी खाली पडत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी सापडले. प्लेग आला होता. पुढचं आपण ऐकलेलं आहे. लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव पळाले. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंबईत सरकारचा संशय घरांवर होता. घाण, अंधार, कोंदट हवा यांतून रोग येतो असं धरून भिंती चुन्यानं आणि औषधी पाण्यानं धुतल्या, ऊन यावं म्हणून छपरावरची कौलं काढली, सामान जाळलं. त्या धुलाईत किती कोळी आणि पाली वाहून गेल्या असतील त्याची मोजदाद कुणी करणार नव्हतं. पण प्लेग काही भिंतीत नव्हता.

तो कशात होता हे एका चाळीतून कळलं, आणि आम्हाला या सगळ्या इतिहासातला हाच भाग फार मोलाचा वाटतो. परळला जुन्या गव्हर्नर बंगल्यात १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. तीच आजची हाफकिन संस्था. तिथल्या डॉ. लिस्टन यांच्या कानावर १९०३ मध्ये एका चाळीची हकिकत आली. तिथे आधी उंदीर पटापट मेले. मग उंदीर मरायचे थांबले आणि रहिवाशांना एकाएकी पिसवांचा त्रास सुरू झाला. इतका, की माणसं खोली सोडून ओसरीवर झोपायला लागली. आणि मग प्लेग लागला. लिस्टन यांनी माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवा पकडून तपासल्या, त्यातल्या १४ उंदरांच्या निघाल्या. उंदीर मेला की त्याच्या पिसवा भुकेनं माणसावर येतात, हे असं पुढे आलं. लिस्टन यांनी हे सारं १९०५ मध्ये छापलं, आणि छापलं ते त्या आठ माणसांनी काढलेल्या संस्थेच्याच नियतकालिकात. शोध डॉक्टरांचा हे कबूल. पण उंदीर कधी मेले आणि पिसवा कधी आल्या, हा क्रम लक्षात कुणाच्या राहिला होता? केर काढणाऱ्यांच्या, अंथरुणं घालणाऱ्यांच्याच ना?

प्लेगात कोळ्याचा संबंध नव्हता, ना चांगला ना वाईट. हिवतापात मात्र थोडा आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचं बीज दाखवलं आणि मुंबई आपल्या विहिरींकडे बघू लागली. गिरगावच्या वाड्यांत घरोघरी आवारात विहीर असे. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आणि तानसाचं १८९२ मध्ये नळानं आलं, तरी विहिरी राहिल्याच. पूजेला, सोवळ्याला, उन्हाळ्यात नळ आटला तर हाताशी असाव्यात म्हणून. हिवताप पसरवणारा शहरी डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो: विहीर, हौद, गच्चीवरची टाकी. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाची पाहणी करून हेच सांगितलं आणि विहिरी बंद करा किंवा झाका असा आग्रह धरला. लोक चिडले. विहिरीच्या पाण्याला सूर्य दिसला पाहिजे, नाहीतर ते देवकार्याला चालत नाही, अशी श्रद्धा होती. हिंदूंची होती तशी पारशांचीही. शेवटी पुष्कळ ठिकाणी झाकणाला बारीक तारेची जाळी बसवून वाट काढली. ऊन आत जाईल, डास जाणार नाही. १९२८ मध्ये कोव्हेल या अधिकाऱ्यानं पुन्हा पाहणी केली, तेव्हाही भर पाण्यावरच होता.

हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगतो, कारण कोळ्याचं कौतुक करता करता आपण भलतीकडे जायला नको. मुंबईनं डासाला रोखलं ते पाण्यावर झाकण घालून. भिंतीवरचा कोळी रात्री काही डास मारतो, पण उघडं पिंप आठवड्यात शेकडो डास सोडतं. त्याला तो पुरा पडणार नाही.

खेड्यात वेगळं घडलं. तिथे लढाई भिंतीवरच झाली. १९४५-४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड आणि कारवारकडच्या गावांत, डॉ. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी मारायची मोहीम काढली. मग १९५३ पासून देशभर. पंप घेऊन माणसं यायची, भांडी-धान्य बाहेर काढायला लावायची, भिंती फवारून दारावर तारीख टाकून जायची. आपल्यातल्या थोरल्या बायांना हे आठवत असेल. गुण आला, ते नाकारून चालणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास तो आकडा एक लाखावर आला. कितीतरी लेकरं त्यामुळे जगली. पण डासांना विषाची सवय झाली, कामात ढिलाई आली आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. ढेकणांना तर डीडीटीचं काही वाटेनासंच झालं. विष काही डास आणि कोळी असा भेद करत नाही. आणि डासाची वीण भराभर होते, कोळ्याची तेवढी नाही. फवारा ओसरला की खाणारा मागे पडतो आणि ज्याला खायचं तो पुढे येतो.

आज सरकारी फवारणीवाला क्वचित येतो. त्याची जागा दुकानातल्या डब्यानं घेतली आहे. झुरळ दिसलं मार फवारा, कोळी दिसला मार फवारा, त्याच खोलीत पाळण्यात मूल. खडूच्या कांडीसारखं विष ओट्याच्या कडेनं ओढलं जातं आणि दुपारी तिथेच भाकरी थापली जाते. आम्हाला याची काळजी वाटते, कोळ्यापेक्षा मुलांची जास्त. कोळ्यासाठी तरी विष कशाला? नको तिथे दिसला तर वाटी पालथी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि गोठ्यात किंवा परसात सोडा.

झाडलोटीचंही थोडं बोलू. जाळं वेगळं आणि जळमट वेगळं. ज्यात कोळी बसलेला आहे ते जाळं. तो सोडून गेल्यावर धूळ, काजळी धरून काळं लोंबतं ते जळमट. ते खुशाल काढा, चुलीच्या वरचं तर काढाच, त्याचा कोळ्याला उपयोग नाही. कोळी नांदता आहे ते एखादं जाळं न्हाणीच्या, गोठ्याच्या, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात राहिलं तर बिघडत नाही. मेक्सिकोत एका भागात लोक पावसाळ्यात कळपानं राहणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्याची फांदीच तोडून आणायचे आणि माशा कमी व्हाव्यात म्हणून घरात टांगायचे. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी उडी मारणाऱ्या कोळ्याची एक जात आहे, ती रक्त प्यालेला डास निवडून खाते. आपल्याकडे ती नाही.

गावोगावी हमखास निघणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या. सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर लालभडक चट्टा आणि पाण्यानं भरलेले फोड दिसले की म्हणतात, कातीण फिरली, कोळी मुतला. कोळी असं करत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक लहान, लांबट, लाल-काळा किडा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. नेहमी तोच असतो असं नाही. नागिणीचे फोडही असेच एका पट्ट्यात येतात आणि त्याला डॉक्टरच लागतो. किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा, ती जागा साबणानं धुवा. दुसरी गोष्ट, विळा लागला की जखमेवर जळमट दाबायचं. रक्त थांबत असेलही, पण त्या जळमटात धूळ असते, आणि धुळीतून धनुर्वात होतो. स्वच्छ फडकं दाबा आणि इंजेक्शन घेऊन या. आणि कोळी चावतो का? आपल्या घरातले बहुतेक कोळी पळूनच जातात. मोठा हाताखाली दाबला गेला तर चावतो आणि दुखतं. धुऊन घ्या. सूज वाढत गेली किंवा ताप आला तर दवाखान्यात जा, मंत्र घालत बसू नका.

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि नव्या सापडतच आहेत. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात अभ्यासकांना मिळाली. तिला त्यांनी नाव दिलं 'आयसियस तुकारामी'. हे तुकाराम म्हणजे तुकाराम ओंबळे, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि नळी सोडली नाही. म्हणून तो अतिरेकी जिवंत पकडता आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं आणि चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या नावाचा कोळी अंगानं अगदी बारीक आहे, काही मिलिमीटरांचा. तोही शिकारीला जाळं लावत नाही.